पडत्या बकरीची म्हैस

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असा फोन आला. किती मोठं लिहू म्हणून विचारलं, तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "ते तुम्हीच ठरवा." मला हसू आलं. त्या भल्या माणसाला काय माहीत की तुकडा केवढा घ्यायचा हे ठरवण्यातच माझा जन्म गेला, आणि नेमक्या त्याच एका गोष्टीत मी असा आपटलो की तोंडावरची मिशी गेली. मिशीचं पुढे सांगतो.

माझा धंदा झाडं उतरवायचा. पाडायचा नव्हे. पाडणारे वेगळे. शेतात बाभूळ उभी आहे, चहूकडे मोकळं रान आहे, घातले घाव, केली आडवी. त्याला कुऱ्हाड पुरते, अक्कल लागत नाही. माझ्याकडे यायची ती झाडं घराच्या पत्र्यावर ओणवी झालेली, विजेच्या तारांत बोटं घालून बसलेली. परवानगीचा कागद मालकानं आणायचा, बाकी सगळं आम्ही. अशा झाडाखाली एक तुळस असते, एक मोटारसायकल असते आणि कुणाची तरी सासू असतेच असते. ते झाड शेंड्यापासून तुकड्या-तुकड्यानं, दोराला बांधून खाली आणावं लागतं. नवरदेवाला घोड्यावरून उतरवतात ना, तसं. सांभाळून, आणि चार लोक बघत असताना.

मी किती सांभाळून उतरवायचो त्याचा एक नमुना देतो. देऊळघाटला एकदा निंबाची फांदी मी इतकी अलगद सोडली की तिच्यावर बसलेला कावळा फांदी जमिनीला टेकेपर्यंत उडाला नाही. खाली आल्यावर त्यानं इकडंतिकडं पाहिलं, त्याला जमीन दिसली, आणि तो लाजेनं चालत निघून गेला. ही गोष्ट मी जिल्हाभर सांगितली आहे. आमचा यादव म्हणतो, तो कावळा नव्हता, फांदीला काळी पिशवी अडकली होती. दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा ते वाचकांनी ठरवावं. मी वर होतो. मला जास्त दिसत होतं.

यादव म्हणजे आमच्या कंपनीचा दुसरा भागीदार. तिसरा कोणी नव्हताच. मी झाडावर, यादव खाली दोर धरून. अंगानं असा की तुराटीला, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीला, सदरा घालून उभी करावी. शेजारच्या शेतातल्या तुरीत उभा राहिला तर सापडायचा नाही. बोलणं त्याहून बारीक. त्याच्या लग्नात मंगलाष्टकं संपेपर्यंत मुलीकडचे लोक त्याला मुका समजत होते. कामावर तर तो दिवसभरात एकच शब्द बोलायचा. मी वरून करवतीनं खूण करून दाखवायचो, "एवढा घेऊ का बे?" आणि खालून यायचं, "निम्मं."

कितीही घेतला तरी निम्मं. मी हातभर दाखवला तरी निम्मं. एकदा जेवताना मी सहज भाकरी वर करून दाखवली, तर सवयीनं म्हणाला, "निम्मं."

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, तुकडा मोठा घेतला तर काय बिघडलं? लवकर संपेल. मलाही तसंच वाटायचं, म्हणून तर हा लेख लिहायची पाळी आली. तेव्हा जरा धंदा समजून घ्या.

वर झाडाला एक कप्पी बांधायची. दोराचं एक टोक कापायच्या तुकड्याला, मग दोर कप्पीतून खाली, खाली बुंध्याला दोन-तीन वेढे, आणि शेवटचं टोक यादवच्या हातात. वजन धरतात ते वेढे. हात म्हणजे नुसता लगाम. वेढे जास्त झाले तर दोर सरकत नाही, कमी झाले तर माणूस सरकतो. फांदी कापताना कप्पी तिच्या वर असते. फांदी सुटली की जागच्या जागी लोंबते आणि यादव तिला हळूहळू सोडतो. इथपर्यंत सगळे शहाणे.

खरी परीक्षा फांद्या संपल्यावर. नुसतं खोड उरतं, मी त्याला पट्ट्यानं बांधलेला, डोक्यावर आभाळ. आभाळाला कप्पी बांधायची सोय अजून निघालेली नाही. म्हणून ती कापाच्या खाली बांधावी लागते. म्हणजे तुकडा सुटला की आधी पडतो, कप्पीच्या खाली जातो, आणि मग दोर त्याला धरतो. त्या एवढ्याशा पडण्यात सगळी भानगड आहे. विहिरीत भरलेली बादली हळू सोडा, एका हातानं सोडता येते. तीच बादली वरून टाका आणि दोर मधेच आवळा. आपला खांदा नेमका कुठे जोडलेला आहे ते कळतं.

मी वजनं किलोत मोजली नाहीत. माझं माप जनावरांचं. बकरी, गोऱ्हा आणि म्हैस. सहा बकऱ्यांचा एक गोऱ्हा, तीन गोऱ्ह्यांची एक म्हैस. खोडाला मिठी मारायची. मागं बोटाला बोट लागलं तर अशा ओल्या खोडाचा एक हात लांबीचा तुकडा म्हणजे तीन बकऱ्या. चिंच असली तर वर एक करडू. पावसाळ्यात सगळ्याच बकऱ्या पाणी पिऊन आलेल्या असतात. आणि सगळ्यात मोठा नियम, जो मी स्वतः शोधला आणि स्वतःच मोडला: पडत्या बकरीची म्हैस होते. कापाच्या वेळी बकरी असते, दोरानं धरलं त्या क्षणी ती म्हैस असते.

या मापाची एकदा तपासणीही झाली. देऊळघाटला एक गणिताचे गुरुजी आहेत, निवृत्त. त्यांच्या गोठ्यावरची निंबाची फांदी काढायची होती. गुरुजींनी खुर्ची टाकली, वही काढली, मला वर चढून सुतळीनं फांदीचा घेर घ्यायला लावला, आणि वर्तुळ, त्रिज्या करत बसले. मी वरून ओरडलो, "गुर्जी, दोन बकऱ्या!" दोन चहा झाल्यावर त्यांचं उत्तर आलं, अठ्ठ्याऐंशी किलो. फांदी उतरवली, बैलगाडीत टाकली, अडत्याच्या काट्यावर नेली. शहाऐंशी भरली. म्हणजे तीन बकऱ्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "गुर्जी, माझ्या बकऱ्या गाभण होत्या."

लोक हसले, वेळ मारून नेली. पण यादव हसला नाही. एका बकरीचा हिशोब चुकला की तो खालच्याच्या हातात जातो, हे त्याला माहीत होतं. मला फक्त लोक हसले एवढंच दिसलं.

कारण खरं सांगू? मोठा तुकडा घ्यायचं व्यसन असतं. छोटे तुकडे उतरवताना कोणी बघत नाही. लोक घड्याळ बघतात. मोठा सुटतो तेव्हा आधी कर्र आवाज येतो, मग बायका तोंडाला पदर लावतात, मग धप्पकन दोर ताणतो, झाड थरथरतं, आणि त्या थरथरत्या झाडावर आपण! त्यात हे मोबाईल आले. पूर्वी चार म्हातारे बघायचे, आता चाळीस जण शूटिंग करतात. मी तर मिशीला पीळ देऊन वर चढायला लागलो होतो.

असंच एकदा लोणारला, एसटी स्टँडजवळ, एका दुकानावरची शिरस उतरवत होतो. गाडी लागलेली नव्हती, त्यामुळे प्रेक्षकांची कमी नव्हती. खोडाचा पहिला तुकडा मी चांगला दांडगा दाखवला. खालून आलं, "निम्मं."

गर्दीतला एक जण ओरडला, "अबे, यायच्यात मालक कोण होय? वरचा का खालचा?"

हशा झाला. माझ्या कानाची पाळी तापली. मी वरून म्हणालो, आणि चांगलं मोठ्यांदा म्हणालो, "यादव, भेव लागून राह्यलं असन तर घरी जाय! आन जाता जाता तो दोर कोण्या बाईच्या हातात देऊन जाय!"

याहून मोठा हशा झाला. यादवनं मान खाली घातली, एक वेढा वाढवला आणि उभा राहिला. मी दाखवला तेवढाच तुकडा कापला, आणि तो ठीक उतरला.

तो त्या दिवशी ठीक उतरला हेच वाईट झालं. चूक जमून जाणं, यासारखा वाईट गुरू नाही. परतीच्या एसटीत यादव माझ्या शेजारी बसला नाही. दोराचं पोतं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसला. मी म्हटलं, गर्मी होत असेल.

त्यानंतर पंधरा दिवसांनी दुसरबीडचं काम आलं.

रस्त्याला लागून कमलबाईंची पिठाची गिरणी. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. गिरणी सगळी बाईंची. भुवयांपर्यंत पिठानं पांढऱ्या, आवाज गिरणीच्या वर चढेल असा. गिरणीच्या मागं जुनी चिंच. तिच्यावर वीज पडली होती, खोड वरून चिरत आलं होतं आणि पत्र्याकडं कललं होतं. वारा आला की चिरेतून कुईं कुईं आवाज यायचा. चिंच पत्र्यावर आली असती तर गिरणीही गेली असती आणि गिरणीत उभी असलेली बाईसुद्धा.

बाईंनी विचारलं, "भाऊ, गिरणी बंद ठिवू का? लोकायची दळणं पडलीत, पण ठिवते."

शहाण्या माणसानं काय म्हणावं? ठेवा बाई, दोन दिवस ठेवा. मी मिशीवर हात फिरवला आणि म्हणालो, "खुशाल दळा! पत्र्यावर एक पान पडलं तर ही मिशी उतरवीन."

पहिला दिवस फांद्यांचा. चिंचेचं लाकूड म्हणजे लोखंडाची मावशी. करवतीचे दात दोनदा घासावे लागले. पण काम सुरेख झालं. यादव एकही शब्द बोलला नाही. मी वरून दाखवायचो, तो मान हलवायचा. निम्मं नाही, पाव नाही, काही नाही. मला वाटलं, चला, लोणारला दिलेला डोस लागू पडला. आता माणूस शिकला.

दुसऱ्या दिवशी खोड. कललेलं, म्हणजे तुकडा सुटला की झोका घेऊन गिरणीकडंच जाणार. खाली लगेच पत्रा, म्हणजे दोर सोडत सोडत झटका जिरवायला जागा नाही. तुकडा जिथल्या तिथं धरावा लागणार. पहिलीच्या पोराला कळेल की इथे तुकडा हातभर घ्यायचा. मी मिठी मारली, मागं बोटाला बोट लागलं. आणि अडीच हातांवर खूण केली. रस्त्यावर दोन जीपगाड्या थांबल्या होत्या हो. माणसं टपावर चढली होती.

मी यादवला खूण दाखवली. खरं सांगतो, दाखवली आणि थांबलो. मला त्याचं 'निम्मं' पाहिजे होतं. तो म्हणाला असता तर मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि सव्वा हात घेतला असता; इतकी वर्षं तसंच चालत आलं होतं. माझी अर्धी अक्कल खाली उभी असायची, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

यादवनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बोलला नाही. दोराला एक वेढा वाढवला, पाय रोवले.

मी करवत चालू केली.

तुकडा सुटला तेव्हाच चूक कळली. हिशोब आत्ता करून सांगतो: आठ बकऱ्या आणि वर चिंचेची करडं. गोऱ्हा चांगलाच ओलांडलेला. तो गोऱ्हा पडला, आणि दोरानं धरलं तेव्हा किती म्हशी झाल्या ते मोजायला मी जागेवर नव्हतो. खोडानं मला असा हिसडा दिला की मी ज्वारीतल्या बुजगावण्यासारखा दोन्ही हात पसरून या टोकाहून त्या टोकाला गेलो. करवत कमरेच्या दोरीला लोंबायला लागली, टोपी दुसरबीडच्या बाहेर गेली. आणि खाली दोर सरकत होता.

मी ओरडलो, "बाई, बाहेर या!" पण गिरणी चालू होती. खुशाल दळा म्हणून मीच सांगितलेलं. गिरणीच्या पट्ट्याच्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तुकडा झोका घेत पत्र्यावर निघाला होता आणि त्याच्या बरोब्बर खाली कमलबाई ज्वारी ओतत उभ्या होत्या.

दोर सोडून यादवला बाजूला होता आलं असतं. कोणीही झाला असता. त्यानं सोडला नाही. दोरानं त्याला जमिनीवरून उचललं आणि बुंध्यावर आदळलं, उजव्या खांद्यावर. तरी त्यानं सोडला नाही. आपल्याच अंगाखाली दोर दाबून, बुंधा आणि स्वतः यांच्यात चिमटून त्यानं तो थांबवला. तुकडा पत्र्याच्या वर वीतभर अंतरावर येऊन थांबला आणि डुलत राहिला.

टपावरच्या माणसांचे हातवारे दारातून दिसले तशा कमलबाई बाहेर आल्या, ज्वारीची चाळणी हातात घेऊन. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, चाळणी टाकली आणि पिठाच्या हातांनी यादवच्या मागचा दोर पकडला. मग टपावरची माणसं धावली. मोठा दोर, दहा माणसं, आणि सगळ्यात पुढं दोर धरून एक बाई. लोणारला मी काय बोललो होतो ते मला वर टांगल्या टांगल्या आठवलं. उतरता येईना. सगळ्यात शेवटी मला शिडी लावून उतरवलं, घोड्यावरच्या नवरदेवासारखं.

यादव भिंतीला टेकून बसला होता. तळहात सोललेले, चेहरा पिठाहून पांढरा. मी म्हणालो, "काऊन बोलला नाही बे? निम्मं काऊन नाही म्हणला?"

 बोलल्या कमलबाई. त्यांच्या पदराची चिंधी फाडून त्या त्याचा हात बांधत होत्या.

"वर बसून बकऱ्या अन् म्हशी मोजता म्हणं तुम्ही. खाली माणूस किती बकऱ्याचा उभा हाय, हे कधी मोजलं का वो?"

मोजलं नव्हतं. जिल्ह्यातल्या प्रत्येक झाडाची मिठी मारून मापं घेतली, आणि ज्याच्या हातात दोर त्याचं वजन कधी विचारलं नव्हतं.

यादवचं गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं, खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवला, पण यादवचा उजवा हात त्या दिवसापासून कानाच्या वर जात नाही. मी घरी आलो आणि कोणी न मागता मिशी उतरवली. पत्र्यावर पान पडलं नव्हतं, तशी मिशी वाचली होती. पण ठेवून करायचं काय? आमच्या घरच्यांनी मला दारातच विचारलं, "कोण पाहिजे?"

आणि एवढं होऊनही माझी जीभ सरळ झाली नाही. चार लोकांत मी सांगायला लागलो की दोर जुना होता, कप्पी खराब निघाली. पुढं पुढं तर त्या गोष्टीत मी वरून एका हातानं दोर धरून ठेवला होता. हे यादवच्या कानावर गेलं. मी वाट पाहत राहिलो की आता तो म्हणेल, काळी पिशवी होती. माझी प्रत्येक बात त्यानं आजवर दुरुस्त केली होती. ही केली नाही. तेव्हा मात्र मला झोप लागेना.

दोन महिन्यांनी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात डाव्या हातानं तुरीच्या शेंगा सोलत होता.

"चाल," मी म्हटलं.

"कुठी?"

"काट्यावर."

तो उठला. अडत्याच्या काट्यावर त्याला उभं केलं. एक्कावन्न किलो. म्हणजे दोन बकऱ्या, त्याही दुपारची भाकर खाऊन. मग तो म्हणाला, "आता तू चढ." मी चढलो. साडेतीन बकऱ्या भरलो.

यादव म्हणाला, "मंग तूच खाली राह्यला पायजे होता. वर म्या." आणि उजवा हात कानापर्यंत नेला, तिथं थांबवला, आणि खाली घेतला. "आता वरतं चढता येत नाही."

काटेवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागला. मला खाली उतरायचं सुचेना. तिथंच, काट्यावर उभ्या उभ्याच मी म्हणालो, "चुकलं बे माह्यं. लोणारले बी चुकलं, अन् तिथं बी. दोर चांगला होता. म्याच खोटा."

यादवनं काट्याच्या आकड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "खाली उतर. काटा मोडशीन."

तो परत कामावर आला, पण अटीवर. अट त्यानं बोलून सांगितली नाही. पुढच्या झाडाला मी खोडावर बसून वाट पाहत होतो, तर दोराला बांधून एक तुराटी वर आली. दीड वीत लांबीची, दोन्ही टोकं तासलेली. मी खाली पाहिलं. यादव दोर धरून उभा, पाय रोवून. समजलो. त्या लांबीचा तुकडा. त्याहून एक बोट जास्त नाही.

तेव्हापासून आमच्या धंद्याची रीत ठरली. खोडाचा घेर मी सुतळीनं मोजून सुतळी खाली सोडायची. यादव ती बघायचा, खाली काय आहे ते बघायचा, आपल्या खांद्याला विचारायचा, आणि तेवढी तुराटी तोडून वर पाठवायचा. दोर ज्याच्या हातात, तुकडा त्याचा. नंतर नंतर तुकडे इतके छोटे झाले की लोक खालून ओरडायचे, "दामूभाऊ, झाड कापून राह्यले का भेंडी?" मी म्हणायचो, "भेंडीच होय, पत्र्यावर पडून पाहा!" जीपगाड्या थांबेनाशा झाल्या. कामं मात्र वाढली. भेंडी कापणाऱ्याच्या हातून कोणाचं कौल फुटत नाही, हे गावोगाव कळलं. कमलबाई तर अजून गिऱ्हाईक धाडतात, निरोपात एकच वाक्य असतं, "बारीक तुकडे करणारे ते, त्याईलेच बोलवा."

आमचं शेवटचं झाड गेल्या वर्षीचं. देऊळघाटच्या त्याच गुरुजींचा निंब. वाळवीनं आतून खाल्ला होता. गुरुजी आता बरेच थकलेत, पण खुर्ची तीच, वही नवी. फांद्या उतरल्या. खोडाचा शेवटचा मोठा तुकडा राहिला. खाली मोकळं अंगण, गोठा कधीचा पाडलेला, तुळसही बाजूला नेलेली. सासू तर गुरुजींकडे आता कोणीच नाही. मी सुतळी खाली सोडली. गुरुजींनी आकडेमोड केली, यादवला दाखवली. यादवनं सुतळी पाहिली, अंगण पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि दोराला बांधून तुराटी वर आली.

अडीच हात.

मला वाटलं, चुकून दुसरी बांधली. मी खाली वाकून विचारलं, "हे काय बे?"

"घे," यादव म्हणाला. "पुरा घे. मोकळं हाय. एकडाव."

इतक्या वर्षांत त्यानं मोठा तुकडा घे म्हणून कधी सांगितलं नव्हतं. कशासाठी सांगतो आहे ते मला कळलं. रस्त्यावर दोन मोटारसायकली थांबल्या होत्या, मोबाईल वर होते. म्हाताऱ्याला शेवटचा एक 'धप्प' करू द्यावा, असा त्याचा विचार. गुरुजी म्हणाले, "गणितानं अगदी बसतं." आणि बसतही होतं. मी ती तुराटी खोडाला लावली. मिठी मारली. मागं बोटाला बोट लागलं नाही. पोट आडवं आलं.

मग खाली पाहिलं. पांढऱ्या केसांची एक तुराटी, उजवा खांदा उतरलेला, डाव्या हातात दोर, पाय रोवून.

मी ती लांब तुराटी गुडघ्यावर धरली आणि काडकन मोडली. निम्मी खाली टाकली.

यादवनं ती उचलली. मग एक वेढा कमी केला. वेढा कमी, म्हणजे आता वजन हाताला झेपेल; बाकीचा अर्थ धंद्यातल्यालाच कळेल.

तो तुकडा उतरला. बकरी म्हणून सुटला तो म्हैस व्हायच्या आत अंगणात टेकला. माती उडाली नाही की गुरुजींच्या वहीचं पान हललं नाही. मोटारसायकलवाले निघून गेले. मी खाली आलो, पट्टा सोडला आणि आपल्या सवयीनं सुरू झालो. "गुर्जी, पाह्यलं का? तुकड्यावर कावळा बसला होता. खालपर्यंत आला, उडाला नाही. चालत गेला पठ्ठ्या!"

गुरुजींनी चष्मा पुसला. "मला तर काही दिसला नाही बुवा."

मी यादवकडे पाहिलंच नाही. काळी पिशवी येणार हे ठरलेलंच होतं.

यादव डाव्या हातानं दोराची गुंडाळी करत होता. मान वर न करता म्हणाला, "होता, गुर्जी. म्या पाह्यला."